रंग पोटात ठेवणारा रोलर

घराला रंग देण्याचे काम आपल्याकडे सणांशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात दसरा-दिवाळी जवळ आली की, आणि कर्नाटकात युगादीच्या आधी, घरातील माणसांची दृष्टी भिंतींकडे वळते. वर्षभर नजरेआड राहिलेले तेलकट डाग, मुलांच्या हातांचे ठसे आणि खिडकीखालचे पोपडे तेव्हा एकाएकी दिसू लागतात. याच कामाविषयी येलहंका येथील एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न या वेळी चर्चेसाठी घेतला आहे. तो एका घराचा असला, तरी भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना आपला वाटेल.

बंगळूर वसविणारे केंपेगौडा ज्या येलहंक्याचे प्रभू होते, ते गाव आता त्याच शहराच्या उत्तर भागातील एक मोठे उपनगर झाले आहे. येथे रेल्वेची चाके व आस तयार करणारा कारखाना १९८४ पासून चालू आहे. वायुदलाचा तळ आहे. नव्या वसाहती तर वाढतच आहेत. नोकरीनिमित्त अनेक राज्यांतील कुटुंबे येथे येतात, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि त्यांपैकी बरीचशी भाड्याने राहतात. बंगळुरात घर सोडताना रंगकामाच्या नावाने सुमारे एका महिन्याचे भाडे अनामत रकमेतून कापून घेण्याची रीत रूढ आहे. आमच्या भगिनीचा प्रश्न असा : "पुढील काही महिन्यांत आम्हांला घर बदलावयाचे आहे. एवढी रक्कम सोडून देण्यापेक्षा दोन खोल्या आम्हीच रंगविल्या तर? दांड्यात रंग भरून ठेवता येतो असा एक रोलर विकत मिळतो. आम्हां दोघांनाही या कामाचा सराव नाही. तो रोलर घेतल्यास काम आमच्या आवाक्यात येईल काय?"

या प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न आहेत. पैशाचा प्रश्न आधी सोडविला पाहिजे, कारण तो सुटला नाही तर रोलर कितीही चांगला असला तरी श्रम वाया जातील.

रंगाचा डबा आणण्यापूर्वी आपला भाडेकरार काढून वाचावा. "घर सोडताना एक महिन्याचे भाडे कापले जाईल" असे कलम त्यात असेल, तर आपण भिंती आरशासारख्या केल्या तरी मालक ती रक्कम कापू शकेल. म्हणून मालकांशी आधी बोलावे आणि ठरेल ते कागदावर घ्यावे : कोणत्या खोल्या, कोणता रंग, किती हात, आणि काम समाधानकारक झाल्यास रंगाची कपात होणार नाही. रंगाआधीची व नंतरची भिंतींची छायाचित्रे जवळ ठेवावीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचा रंग ही कामे घरमालकाच्या जबाबदारीत धरलेली आहेत, हे बोलताना लक्षात असू द्यावे. मात्र असा आदर्श कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि करारात वेगळे ठरविण्यासही वाव असतो. तेव्हा भांडणापेक्षा लेखी संमतीचा मार्गच सोयीचा होय.

आता रोलरकडे वळू. साधा रोलर आपल्या परिचयाचा आहे. कॅनडातील टोरोंटो शहरच्या नॉर्मन ब्रेकी यांनी १९४० मध्ये तो तयार केला, असे सांगितले जाते. त्याआधी भिंतीवर कुंच्याचे राज्य होते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी रेखाटलेला गट्टू नावाचा मुलगा अनेकांना आठवत असेल. एका हातात कुंचला आणि दुसऱ्या हातात रंग निथळणारा डबा, अशी त्याची मूर्ती होती. डब्यात बुडविणे, निथळविणे आणि भिंतीपर्यंत नेणे, हे तीन व्याप रोलर आला तरी संपले नाहीत. डब्याच्या जागी पसरट तबक आले, इतकेच.

रंग साठविणाऱ्या रोलरने या तीन व्यापांवरच उपाय शोधला आहे. याचा दांडा पोकळ नळीचा असतो आणि नळीत एक दट्ट्या असतो. होळीच्या पिचकारीत पाणी ओढावे त्याप्रमाणे दट्ट्या मागे खेचला की डब्यातील रंग नळीत चढतो. काही प्रकारांत त्यासाठी डब्याला बसणारे खास झाकण किंवा लहान तोटी देतात. मग रोलर भिंतीवर फिरवीत दट्ट्या हळूहळू पुढे ढकलावयाचा. रंग रोलरच्या सच्छिद्र गाभ्यात जातो आणि आतून बाहेर येत वरची लव भिजवितो. म्हणजे साधा रोलर बाहेरून रंग पितो, हा आतून पितो. नळीत साधारणपणे अर्ध्या लिटरच्या आसपास रंग मावतो.

याने किती श्रम वाचतात, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. चारही भिंतींची एकत्रित लांबी ४४ फूट, म्हणून क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे पन्नास वजा केल्यास ३९० उरतात. पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग गुळगुळीत भिंतीवर एका हाताला लिटरमागे सुमारे १३० चौरस फूट पुरतो असे धरले, तर एका हातासाठी तीन लिटर रंग लागेल. म्हणजे नळी सहा वेळा भरावी लागेल. साधा रोलर एकदा बुडविल्यावर आठ-दहा चौरस फूट चालतो असे मानल्यास तबकाकडे चाळीसएक वेळा वाकावे लागेल. चाळीसच्या ऐवजी सहा, हा फरक लहान नाही. ज्यांची कंबर किंवा गुडघे कुरकुरतात त्यांना तो विशेष जाणवेल. लांब दांड्यामुळे शिडीची चढउतारही बरीच कमी होते. आणि घरच्या रंगकामात खरा धोका शिडीवरून पडण्याचा असतो.

परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अर्धा लिटर रंगाचे वजन सहाशे ते सातशे ग्रॅम भरते. नळी आणि दांडा धरून हे ओझे दोन्ही हातांनी डोक्याच्या वर पेलावे लागते. भिंतीवर ते जाणवत नाही, पण छताचे काम करताना तासाभरात खांदे भरून येतात. म्हणून छतासाठी नळी अर्धीच भरावी. दट्ट्या किती ढकलावा याचा अंदाज हाताला लगेच येत नाही. जास्त दाब पडला तर रंगाचे ओघळ भिंतीवरून उतरतात. पहिला प्रयोग कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या भिंतीवर करावा. दट्ट्या थोडा ढकलून दोन-तीन फेऱ्या मारावयाच्या, रोलर कोरडा वाटू लागला की पुन्हा थोडा ढकलावयाचा, हा क्रम अर्ध्या भिंतीत साधतो. मध्येच थांबावयाचे झाल्यास रोलरचे तोंड खाली करून ठेवू नये; रंग ठिबकत राहतो.

सर्वांत मोठा खर्च धुण्याचा आहे. साधा रोलर धुणे म्हणजे एक लवदार कापड धुणे. येथे नळी, दट्ट्याची रबरी कडी, सच्छिद्र गाभा आणि लव अशा चार गोष्टी सुट्या करून धुवाव्या लागतात, आणि ते काम लगेच व्हावे लागते. इमल्शन रंगातील पाणी उडून गेले की त्यातील राळेचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून अखंड पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. याच गुणामुळे रंग भिंतीवर टिकतो, आणि याच गुणामुळे न धुतलेला रोलर दुसऱ्या दिवशी निकामी होतो. शिवाय नळीत व गाभ्यात थोडा रंग अडकून राहतो, तो धुण्याबरोबर जातो.

बंगळूरसारख्या ठिकाणी पाण्याचाही विचार करावयास हवा. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या शहराने पाण्याची तीव्र टंचाई सोसली. टँकरच्या पाण्यावर घर चालत असताना रोलरसाठी बादल्या ओतणे कोणाच्याही जिवावर येईल. म्हणून दोन हातांच्या मध्ये रोलर धुऊच नये. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवल्यास काही तास तो ओला राहतो. काम संपल्यावर नळीतील उरलेला रंग डब्यात परत ढकलावा, रोलर जुन्या वर्तमानपत्रांवर फिरवून कोरडा करावा, आणि मग बादलीत थोड्या थोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा. पहिले गढूळ पाणी पावसाच्या गटारात ओतू नये; ते पुढे तलावाला मिळण्याचा संभव असतो.

कोणता रंग या नळीत चालतो, हेही ठरलेले आहे. इमल्शन चालतो. चुना, सिमेंटचा रंग किंवा खरबरीत पोत देणारे दाट रंग घालू नयेत; त्यांचे कण छिद्रे बुजवितात. तेलाचा रंग टाळावा, कारण तो टर्पेंटाइनने धुवावा लागतो आणि त्याने रबरी कडी फुगण्याची भीती असते. जुन्या डब्यातला रंग विरळ मलमलीतून गाळून घ्यावा. विकत घेतेवेळी सच्छिद्र गाभ्याचा रोलर सुटा मिळतो की नाही हे अवश्य विचारावे. नेहमीच्या दुकानातला रोलर यास बसेलच असे नाही.

अनभ्यस्त माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चांगल्या रंगकामातील मोठा भाग रोलर हाती घेण्यापूर्वीच होतो. पोपडे खरवडणे, खिळ्यांची भोके पुट्टीने भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे, गरज असेल तेथे अस्तराचा हात देणे, फरशीवर जुन्या चादरी पसरणे आणि बटणांभोवती चिकटपट्टी लावणे, यांतले एकही काम कोणताही रोलर करीत नाही. कोपरे, छताची कड आणि चौकटीलगतची दोन-तीन इंचांची पट्टी आधी दोन इंची कुंचल्याने रंगवावी लागते. ती पट्टी ओली असतानाच रोलर तिच्यावर थोडा चढवावा, म्हणजे सांधा दिसत नाही.

भिंतीला ओल असेल तर रंगाचे काम पुढे ढकलावे. बंगळुरात सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे भर पावसाचे महिने असतात, मे महिन्यातही वळवाच्या सरी येतात. महाराष्ट्रातल्या सवयीने दसऱ्याच्या तोंडावर रंग काढणाऱ्या मराठी घरांनी तेथे जानेवारी ते मार्च हा कोरडा काळ निवडावा. युगादीपूर्वी रंग देण्याच्या रीतीला तेथील हवामानाचाही आधार आहे.

जुन्या घरात दारे-खिडक्यांवरील तेलरंग घासताना विशेष जपावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर जाऊ नये, हा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या थरांत शिसे अधिक असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा, तोंडावर चांगल्या प्रतीचा मुखपट बांधावा, धूळ झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपावी, आणि मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे.

एवढे पाहिल्यावर आमच्या भगिनीस उत्तर देता येते. केवळ दोन खोल्या एकदाच रंगवून घर सोडावयाचे असेल, तर साधा रोलर, तबक, दोन इंची कुंचला आणि रोलरला जोडावयाचा लांब दांडा एवढ्यावर काम उत्तम होईल. रंग साठविणाऱ्या रोलरने वाचलेला वेळ धुण्यात जाईल, आणि त्याची किंमत वाचविलेल्या भाड्यातून वजा करावी लागेल. ज्यांना वाकणे जमत नाही, ज्यांचे घर चार-पाच खोल्यांचे आहे आणि भिंती सलग व एकाच रंगाच्या आहेत, किंवा शेजारची दोन-तीन कुटुंबे मिळून जे एकच रोलर घेतात, त्यांनी तो खुशाल घ्यावा. एका वसाहतीत असा एक रोलर आलटूनपालटून वापरला तर त्याचे पैसे वसूल होतील. मात्र शेवटी वापरणाऱ्याने तो स्वच्छ धुऊनच पुढच्या घरी द्यावा, असा नियम आधी करून घ्यावा.

कामाची आखणी दोन रविवारांत बसते. पहिल्या रविवारी खरवडणे, भरणे, घासणे आणि अस्तर. दुसऱ्या रविवारी सकाळी पहिला हात आणि तो पुरता वाळल्यावर, डब्यावर लिहिलेल्या अवधीनंतर, दुसरा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. उरलेल्या रंगाचा डबा घट्ट बंद करून, त्यावर रंगाचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी आणि घर सोडताना तो मालकांच्या हाती द्यावा. पुढे एखादा डाग झाकावयास त्यांना तो उपयोगी पडेल, आणि अनामतीचा हिशेब करताना आपली बाजूही भक्कम राहील.