विरारच्या पलीकडचे प्रवासी

डहाणू गाव समुद्राच्या व खाडीच्या काठाला वसले आहे. स्टेशन मात्र तेथून पूर्वेला, आत. म्हणूनच स्टेशनच्या नावाला ‘रोड’ हे शेपूट आहे. रेल्वेच्या बोलीत ‘रोड’ याचा अर्थ एवढाच की, गाव येथे नाही, येथून गावाची वाट लागते. केळवे रोडची कथाही हीच. गावापासून थोडे दूर राहण्याची ही सवय स्टेशनाप्रमाणे रेल्वेच्या कारभारासही जडली असावी, अशी शंका डहाणूकरांस येते, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्हांस वाटत नाही.

मुंबई ते सुरत हा लोहमार्ग सलग झाला तो नोव्हेंबर १८६४ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरारहून मुंबईस जाणारी पहिली लोकल सुटली. विरारपासून डहाणू रोड सुमारे ६४ किलोमीटर. एवढे अंतर ओलांडून लोकल डहाणूस पोचली ती एप्रिल २०१३ मध्ये. म्हणजे विरारनंतर १४६ वर्षांनी! न्यायाने बोलावयाचे तर या विलंबास तांत्रिक कारणही होते. १९३६ साली विरारपर्यंत वीज आली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची. पुढच्या मार्गावर पुढे आली ती २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची. तारेतली वीजच बदलत असल्याने जुन्या लोकलचा डबा विरारच्या पुढे जाऊच शकत नसे. चर्चगेट ते विरार मार्गाचे परिवर्तन २०१२ साली पुरे झाले व ही अडचण संपली. मग उरली ती रुळांची.

विरारच्या अलीकडे चार रूळमार्ग, पलीकडे दोनच. त्या दोहोंवरून राजधानी धावावयाची, गुजरातकडचे मेल धावावयाचे, मालगाड्या जावयाच्या, डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा यावयाचा आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव असे सर्वत्र थांबत जाणाऱ्या लोकलनेही तेथेच वाट काढावयाची. वेगवान गाडी मागून आली की थांबणारी गाडी बाजूला होते. नियम योग्यच, परंतु बाजूला होण्याची पाळी रोज त्याच प्रवाशावर यावी आणि त्याने ती नशिबाचा भाग म्हणून सोसावी, हे योग्य नव्हे.

हा प्रवासी कोण? बोईसरच्या कारखान्यांत जाणारा कामगार, मासळीची टोपली घेतलेली कोळीण, तलासरीकडून मिळेल त्या वाहनाने स्टेशन गाठणारा वारली तरुण, महाविद्यालयातील मुलगी. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यापासून कचेरीच्या कामासाठीही हीच गाडी. दुसरी एक गोष्ट मुंबईकर वाचकांच्या ध्यानात सहसा येत नाही. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून तेथील उद्योगांवर निर्बंध घातले. ते आम्हांस मान्य आहेत. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला तेथला चिकू आणि बागांखालची ती भूमी राखावयासच हवी. पण ज्या तालुक्यात कारखाने येऊ द्यावयाचे नाहीत, तेथील तरुणास कामाच्या गावी नेण्याची सोय करणे हे त्या निर्णयाचेच दुसरे अंग नव्हे काय? डहाणूची हिरवाई सर्वांनी वाखाणावी आणि तिची किंमत डहाणूकराने फलाटावर ताटकळत चुकवावी, ही वाटणी आम्हांस पटत नाही.

विरार-डहाणू रोड तिसऱ्या व चौथ्या मार्गास डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. काम रेंगाळले, मुदती पुढे सरकल्या. त्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. आमची चिंता काम पुरे झाल्यानंतरची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये याच किनाऱ्यावर वाढवण बंदराची कोनशिला बसली. बंदर म्हणजे माल, आणि माल म्हणजे रेल्वेचे उत्पन्न. मालवाहतुकीवर रेल्वेचा संसार चालतो हे आम्ही जाणतो. परंतु मालगाड्यांसाठी वेगळा समर्पित मार्ग हाती घेण्यात आला तो याच कारणाने. आणि विरार-डहाणूचे नवे रूळ मंजूर झाले ते मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात, म्हणजे उपनगरी प्रवाशाच्या नावावर. राज्याच्या तिजोरीतूनही त्यासाठी पैसा जातो. ज्याच्या नावावर कर्ज काढले, त्याला घरात ओसरीवर बसवू नये.

तेव्हा रेल्वे मंडळाने व राज्य सरकारने नव्या मार्गाचे उद्घाटन होण्यापूर्वीच एक वेळापत्रक प्रसिद्ध करावे. शाळा-कचेऱ्यांच्या वेळी दोन्ही दिशांना निदान अर्ध्या तासाने लोकल, रात्री मुंबईहून परतणाऱ्यास उशिराची एक गाडी, आणि लोकल किती वेळा बाजूला थोपवली गेली याचा दरमहा जाहीर हिशेब, एवढे त्यात असावे. पालघरच्या लोकप्रतिनिधींनी हे वेळापत्रक येत्या अधिवेशनातच मागून घ्यावे. रूळ टाकून झाल्यावर ते मागण्यात अर्थ उरणार नाही.