आजोबांचे नाव नातवाला

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अडचण एकच असे. सुनेने सासऱ्यांचे नाव उच्चारावयाचे नाही, मग पोराला हाक कशी मारावी? म्हणून पाळण्यातले नाव विष्णू असले, तरी घरात तो ‘बापू’ किंवा ‘नाना’ होई. त्या रिवाजाविषयी कोणाचे मत काहीही असो, एक घोटाळा त्याने आपोआप टळत असे. ‘विष्णू’ अशी हाक आली तर कोणी उठावयाचे, हा प्रश्नच उद्भवत नसे.

संगणकाच्या ‘पायथन’ या भाषेत तो नित्य उद्भवतो. केंद्रीय मंडळाच्या अकरावीत संगणकशास्त्र घेतलेल्या मुलांना ही भाषा शिकावी लागते. त्यामुळे बडोदे-इंदूरकडील आपल्या घरांतूनही तिचे नाव आता ऐकू येते. ही भाषा काही तयार कामकरी बरोबर घेऊनच येते. ‘सम’ बेरीज करून देतो, ‘मॅक्स’ सर्वांत मोठी संख्या काढतो, ‘लिस्ट’ यादी बनवतो.

आता समजा, एका विद्यार्थ्याला पाच विषयांच्या गुणांची बेरीज करावयाची आहे. बेरजेला नाव हवे. सहज सुचणारे नाव ‘सम’. तिसऱ्या ओळीत तो लिहितो की सम म्हणजे शून्य, आणि त्यात एकेक गुण मिळवीत जातो. उत्तर ४१२ येते, बिनचूक. यंत्र हूं की चूं करीत नाही. पुढे विसाव्या ओळीत हजेरीचे दिवस मोजण्यासाठी तो तयार ‘सम’ला हाक मारतो, आणि यंत्र अडून बसते. तक्रारीचा आशय असा, की हा तर पूर्णांक आहे, याला कामाला कसे बोलावता?

कारण सरळ आहे. पायथन कोणतेही नाव आधी जवळ शोधते, म्हणजे चालू असलेल्या कार्यात, मग त्याला वेढणाऱ्या कार्यात, मग त्या सबंध फायलीत, आणि अंगभूत नावांकडे सर्वांत शेवटी वळते. आजोबा माजघरात सुखरूप आहेत. पण ओसरीवरचा नातू आधी ‘ओ’ देतो.

खरा जाच पुढेच आहे. तक्रार विसाव्या ओळीची, दोष तिसरीत! बिचारा पोरगा निर्दोष ओळ दहा वेळा पुसून लिहितो. तुकड्या-तुकड्यांनी चालविण्याच्या वहीत तर तिसरी ओळ खोडली तरी भागत नाही, कारण नाव स्मृतीत तसेच राहते. तेथे ‘डेल सम’ असे लिहावे, नाहीतर सत्र नव्याने सुरू करावे. ‘डेल’ने केवळ नातवाचे नाव जाते, आजोबांना हाक पुन्हा ऐकू येते.

मग भाषेने हे मुळातच मना का केले नाही? ‘इफ’, ‘फॉर’ यांसारखे ३५ शब्द तिने राखून ठेवलेच आहेत. ते नाव म्हणून दिले की ती जागच्या जागी नकार देते. इतर नावांबाबतची ढिलाई मला तरी शहाणपणाची वाटते. पायथन १९९१ मध्ये लोकांपुढे आली. तयार ‘सम’ मात्र २००३ च्या २.३ या आवृत्तीत आला. मधल्या बारा वर्षांत कोणी स्वतःचा ‘सम’ लिहिला असेल, तर नवे नाव राखीव होताच त्याचे चालते काम बंद पडले असते. पूर्वी हा सैलपणा इतका होता की ‘ट्रू’ला ‘फॉल्स’ म्हणूनही नेमता येई! २००८ च्या ३.० आवृत्तीने ते दार लावले, हे बरे झाले.

फायलीच्या नावाचीही हीच कथा. फाशांचा खेळ लिहून फायलीला ‘रँडम’ नाव दिले, की मूळ ‘रँडम’ संच मागवताना यंत्र त्या पोराचीच फाईल आणून पुढे ठेवते.

उपाय म्हणून ‘टोटल’ लिहिले तरी पुरते. पण ३.० पासून पायथनला देवनागरी नावेही चालतात, ही गोष्ट शिकवण्यांत फारशी सांगितली जात नाही. अंगभूत नावे सगळी रोमन लिपीत असल्यामुळे ‘बेरीज’ या नावाची त्यांच्याशी गाठच पडत नाही. तिच्यापुढचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात.