मुक्कामाचं पाणी
डोंगरवाटा : मुरुडकर

मेचा शेवटचा आठवडा आला की आमच्या लातूर, मुरुड, बार्शी पट्ट्यातल्या पोरांच्या मोबाईलवर काजवे लखलखू लागतात. भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर. शनिवारी रात्री काजवे, पहाटे कळसूबाई नाहीतर रतनगड, आणि मुक्काम गावातल्याच एखाद्या घरात, असा बेत ठरतो. कुणी रात्रीच्या गाडीने कल्याण गाठून पुढे कसाऱ्याला उतरतो, कुणी आपापसांत वर्गणी काढून गाडी ठरवतो आणि संगमनेर-अकोल्यावरून जातो.

गावातल्या मुक्कामाची बाजू मी या सदरात नेहमी घेत आलो आहे, आजही घेतो. हॉटेलात चार हजार मोजण्यापेक्षा ते पैसे शेणाने सारवलेल्या ओटीवर पोचावेत, असं मला मनापासून वाटतं. पण येत्या दोन-तीन आठवड्यांत निघणाऱ्यांनी आपल्या पाण्याचा हिशेब घरूनच करून निघावं.

काजव्यांचा हंगाम मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे अगदी पावसाच्या तोंडावर असतो. सह्याद्रीतल्या विहिरी तळ गाठतात त्याही याच दिवसांत. गावात सगळ्यांत जास्त पाहुणे आणि सगळ्यांत कमी पाणी, हे दोन्ही एकाच पंधरवड्यात येतं. हे आपल्याकडच्या माणसाला पटकन पटत नाही. लातूरला वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिकडे घाटघर-रतनवाडीकडे तीन हजारांच्या वर. एवढं पडूनही टंचाई कशी? तर उभ्या उताराचा काळा कातळ आणि त्यावर वीतभर माती. चार महिने धो-धो कोसळलेलं पाणी थांबतच नाही, ओढ्यांतून खाली निघून जातं. खाली ते अडवलंही आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं, आणि त्याच्या पाण्यावर प्रवरेच्या काठचा ऊस उभा राहिला. घाट उतरून शहापूर तालुक्यात गेलात तर तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला उरतो तो झिरा.

झिऱ्यावरचं पाणी भरणं ज्याने पाहिलेलं नाही त्याच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, खडकाच्या बेचक्यात हातभर खड्डा. त्यात पाणी साठत नाही, पाझरतं. बाई खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसते, वाटीने अलगद पाणी उचलते आणि फडक्यातून हंड्यात गाळते. घाई केली तर गाळ उठतो, मग तो खाली बसेपर्यंत थांबावं लागतं. पाच-सहा वाट्या झाल्या की खड्डा रिता. पुन्हा पाझरेपर्यंत ती मागे सरते आणि दुसरीचा नंबर येतो. पहाटे तीनला उठून नंबर लावलेल्या बाया सूर्य वर आला तरी तिथेच असतात. हंडा भरला की चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि मग ती चढण, जी चढताना आपण पाठीवर छोटी पिशवी असूनही तीनदा थांबतो.

ही बाई घरी पोचते तेव्हा पाहुणे उठून बसलेले असतात आणि कुणीतरी विचारतं, ‘मावशी, आंघोळीला गरम पाणी मिळेल का?’ मावशी नाही म्हणत नाही. दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं, हे त्या घराच्या रीतीत बसत नाही. चुलीवर हंडा चढतो. चाळीस जणांचा गट असेल आणि प्रत्येकाने एक बादली, म्हणजे वीस लिटर धरले, तर नुसत्या आंघोळीचे आठशे लिटर होतात. पंधरा लिटरच्या हंड्याने त्रेपन्न खेपा. यात जेवणाची ताटं धुणं नाही, संडासाच्या बादल्या नाहीत.

हे सगळं लातूर जिल्ह्यातल्या वाचकाला लिहायचं कारण उघड आहे. 2016 च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत याच आमच्या मुरुडवरून लातूरला गेली. घागरीची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबई-पुण्याचा पाहुणा नळ सोडायच्या सवयीने वागला तर मी त्याला समजावून सांगेन. आपल्याकडचा पोरगा तसा वागला तर मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

करायचं फार अवघड नाही. मे-जूनमध्ये डोंगरात एका रात्रीचा मुक्काम असेल तर आंघोळ घरी आल्यावर करा. गाडीने जाणार असाल तर राजूर-अकोल्यातच वीस लिटरचे जार भरून घ्या आणि उरलेलं पाणी त्या घरात ठेवून या. ताटांऐवजी पत्रावळीवर जेवायला मागा; पळसाच्या पानांची असली तर उत्तमच, धुण्याचं पाणी तेवढं वाचतं. गडावरच्या खोदीव टाक्यांत हात-पाय बुडवू नका, त्यातलं पाणी तुमच्यामागून येणारा पिणार असतो. आणि पैसे देताना पाण्याचे वेगळे द्या, जी पाणी भरते तिच्या हातात द्या. मुक्कामाचा व्यवहार बहुतेक ठिकाणी घरातला पुरुष ठरवतो. खेपा मात्र तिच्या डोक्यावर असतात.

सहली काढणाऱ्यांकडून माझी अपेक्षा याहून मोठी आहे. एका घरात किती माणसं उतरवायची हे गाडीतल्या सीटांवरून ठरवू नये, ते गावाने ठरवावं. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत 2006 पासून गावकरीच पाहुण्यांचा मुक्काम सांभाळत आले आहेत, तेव्हा हे जमणारं आहे. दुसरं, ज्या घरांच्या जिवावर धंदा होतो तिथे छपराचं पाणी साठवायला टाकी बांधून द्यावी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर तीन हजार मिलिमीटर पडला तर दीड लाख लिटर वाहून जातं. त्यातलं फक्त दहा हजार लिटर झाकलेल्या टाकीत अडवलं, तरी पाच माणसांच्या घराला माणशी वीस लिटरने शंभर दिवस पुरतं. फेब्रुवारीअखेर टाकीला हात लावला तर जूनपर्यंतची सोय झाली. असं एखादं घर झालं तरी त्या घरची सून पहाटे तीनला उठणार नाही.

पाहुणे नकोतच, असं म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. तिथे पावसावरचं भात, नाचणी, वरई एवढंच पिकतं. दिवाळी सरली की धडधाकट माणसं नारायणगाव, ओतूर, संगमनेरकडे भाजीच्या मळ्यांवर मजुरीला जातात. मुक्कामाच्या पैशाने त्यातलं एखादं जोडपं घरी राहू शकतं, पोरांची शाळा तुटत नाही.

आपला जवळचा डोंगर येडशीचा, बालाघाटातला. 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरहून आलेला वाघ रामलिंगच्या अभयारण्यात दिसला, तेव्हापासून त्या जंगलाकडे बघण्याची आपल्या लोकांची नजर बदलली आहे. उद्या तिथल्या गावांत कुणी मुक्कामाची सोय काढली, तर खोल्यांच्या आधी उन्हाळ्यातलं पाणी मोजावं. तिथे माणसांइतकाच जनावरांचाही पाणवठ्यावर हक्क आहे.

आणि ज्यांना काजव्यांचाच हट्ट नाही त्यांनी कार्तिकात जावं. ओढे वाहते असतात, भात कापणीला आलेलं असतं, खळ्यावर हात लावायला दोन माणसं जास्त मिळाली तर घरच्यांना हवीच असतात. त्या दिवसांत मावशीने आंघोळीला पाणी तापवलं तर नि:शंक घ्या.