गृहगोष्टी : अडकलेलें यंत्र

गेल्या महिन्यांत आम्ही जळगांवीं आमच्या पुतण्याकडे चार दिवस राहिलों होतों. त्याची रक्ततपासणीची लहानशी प्रयोगशाळा राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. त्यामुळें तिचीं सुखदुःखें घरांतील लहानथोर सर्वांस आपोआप कळतात. शनिवारीं पहांटे आम्हांस जाग आली ती चढ्या आवाजानें. पुतण्या आपल्या मुलावर संतापला होता. "मोडलंस ना अखेर! सोमवारीं नवीन आणूं म्हणतोस, पण आठ वाजतां लोक रिपोर्ट मागायला येतील त्यांना काय सांगूं?"

मोडलें होतें तें स्विच नांवाचें यंत्र. वाचकांनीं येथें दिव्याचें बटन मनांत आणूं नये. अनेक संगणकांच्या तारा ज्या पेटींत येऊन मिळतात व जी एकाचा निरोप नेमका दुसऱ्यासच पोंचविते, ती ही पेटी. टपालकचेरींतील पत्रें वेगळीं करणारा कारकून म्हटलें तरी चालेल. ह्या कारकुनाची सारी अक्कल त्याच्या साठवणींतील एका आज्ञावलींत असते. तिला फर्मवेअर म्हणतात. तिच्यांतील दोष काढून निर्माते अधूनमधून नवी आवृत्ति देतात. नातवानें रात्रीं तीच चढविण्यास घेतली, आणि मध्येंच वीज गेली. वीज परतल्यावर यंत्राचा दिवा नुसता लुकलुकत राहिला.

आम्ही खालीं गेलों. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें व संगणकाचें ज्ञान त्याहूनहि तोकडें. परंतु घाबरलेल्या विद्यार्थ्याजवळ स्वस्थ बसण्याचा अभ्यास आम्हांस दांडगा आहे. "यंत्र मेलं का रे?" आम्हीं विचारलें. "नाही आजोबा, बूटमध्ये अडकलंय," तो म्हणाला.

हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःस वर उचलणें, अशी एक इंग्रजी कल्पना आहे; तीवरून संगणक जागा होण्यास हें नांव पडलें. नट कितीहि निष्णात असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढूं शकत नाहीं, असें आमचे शास्त्रकार म्हणत आले आहेत. यंत्र रचणाऱ्यांनींहि तें ओळखून एक वेगळा खांदा देऊन ठेवला आहे. मुख्य आज्ञावलीहून निराळी, अगदीं छोटी अशी दुसरी आज्ञावली आंत असते. तिला निरोप पोंचवितां येत नाहींत. मोठीस शोधून जागें करणें एवढेंच तिचें काम. मोठी सांपडली नाहीं कीं ती स्वतःच दारांत उभी राहून हुकुमाची वाट पाहते. कांहीं यंत्रांत पुढचें बटन दाबून धरून वीज द्यावी, तेव्हां ती बोलूं लागते.

नातवानें एक चपटी निळी तार यंत्राच्या मागील खिडकींत बसविली, दुसरें टोंक आपल्या संगणकास जोडलें व वेग ९६०० ठेवला. पडद्यावर एकच शब्द उमटला. साठवण उघडून आंत काय आहे ती यादी त्यानें मागविली, आणि यादी पाहतांच त्याचा चेहरा उतरला. नवी फाईल सुमारें ८० लक्ष बाइटांची असावयास हवी, तीं निम्मींहि भरेनात. बाइट म्हणजे त्या यंत्राचें एक अक्षर. "आणि जुनी?" आम्हीं विचारलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "दोघांना जागा पुरेना, म्हणून जुनी आधीच काढून टाकली. बाबांना सांगितलं नाहीये." जमेची बाजू एकच: तारांच्या वांटणीचा तपशील ज्या लहान फाइलींत असतो, ती शाबूत होती.

आतां संपूर्ण फाईल त्या बारीक तारेंतूनच पाठवावयाची. एका अक्षरामागें दहा खुणा जातात. म्हणजे ९६०० च्या वेगानें सेकंदास ९६० अक्षरें. आम्हीं पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला, तों दोन तास एकोणीस मिनिटें आलीं. तेव्हां सहा वाजून गेले होते. नातवानें दोहों बाजूंचा वेग ११५२०० केला. मग नुसता हिशेब बारा मिनिटांवर आला.

पाठविण्याची जी रीत त्यानें वापरली, तिचें नांव एक्समोडेम. ती १९७७ सालीं शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन ह्यांनीं रचिली. हे गृहस्थ ऑक्टोबर २०२४ मध्यें निवर्तले. १२८ अक्षरांचा एकेक गठ्ठा पाठवावयाचा, सोबत त्याची बेरीज द्यावयाची. घेणाऱ्यानें बेरीज पडताळून 'पोंचलें' किंवा 'पुन्हां पाठवा' म्हणावयाचें. आम्हांस आमच्या गुरुजींची संथा आठवली. एक स्वर चुकला कीं मागें फिरणें आलें. पद, क्रम, जटा, घन असे पाठ आमच्या पूर्वजांनीं योजिले ते ह्याच धास्तीनें. ऋग्वेदाचीं अक्षरें ४,३२,००० अशी गणतीहि परंपरेनें जपली आहे. येथें गठ्ठे साडेबासष्ट हजार होते.

मध्यंतरीं पुतण्या चहा घेऊन आला. नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. मग त्यानेंच जुनी फाईल काढल्याचें सांगून टाकलें. पुतण्या रागावला, पण आवाज पहांटेइतका चढला नाहीं. आम्हीं त्यास १९ जुलै २०२४ ची आठवण दिली : क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या एका सदोष सुधारणेनें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले, आणि आपल्याकडील कांहीं विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. "तेव्हां तुझ्या रिपोर्टांचंही आज तसंच कर," आम्ही म्हणालों. तो वर जाऊन खरेंच दौत-टांक नव्हे, पण बॉलपेन व कोरे कागद घेऊन आला.

कागद लागले नाहींत. वीस मिनिटांनीं फाईल पूर्ण झाली. लांबी जुळली, यंत्रास जागें होण्याचा हुकूम दिला, आणि पांच-सात मिनिटांनीं एकेक हिरवा दिवा लागूं लागला. घरांतील मुलें दारांत जमलीं होतीं, तीं टाळ्या पिटूं लागलीं. पावणेआठ झाले होते.

रविवारीं एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी. नें आम्ही धुळ्यास परतलों. रात्रीं नातवाचा फोन आला. तारेचा वेग पुन्हां ९६०० वर आणावयाचें राहून गेलें होतें, आणि संध्याकाळीं यंत्राशीं बोलूं जातां पडद्यावर नुसतीं चित्रविचित्र चिन्हें उमटलीं. बाबा शेजारींच उभे होते, असें तो म्हणाला. "मग?" "त्यांनीच विचारलं, वेग जुळतोय का बघ."