टॉनिकच्या बाटलीआधी ताटाकडे पाहा

दीड महिन्यापूर्वी जवळच्या एका खेड्यातून एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेला सातवा महिना. ओठ पांढरे, चार पायऱ्या चढली तरी धाप. "बाई, हिला रक्ताची सुई मारा," असे म्हणत सासूबाईंनी पिशवीतून टॉनिकच्या तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन लोहाच्या, एक भूक वाढवण्याची. तिन्ही अर्ध्या. सोबत रक्ततपासणीचा कागद होता. त्यावर हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती कोणीतरी लाल पेनने गोल केला होता : 7.2. बाकीच्या ओळींकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

त्याच कागदावर खाली 'एमसीव्ही' अशी एक ओळ असते. तांबड्या पेशीचा सरासरी आकार किती, हे ती सांगते. हा आकडा साधारणपणे 80 ते 100 च्या दरम्यान असावा. लोह कमी पडले की पेशी लहान आणि फिकट होतात व आकडा 80 च्या खाली जातो. या मुलीचा आकडा होता 112. म्हणजे पेशी थोड्या, पण असलेल्या अवास्तव मोठ्या. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तेच दिसले.

मी सुनेला विचारले, "काल दिवसभरात काय काय खाल्लंस?" उत्तर सासूबाईंनीच दिले, "खाते की सगळं!" मग त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगून पुन्हा विचारले. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि वरणाचे वरचे पाणी, रात्री उरलेली भाकरी आणि ठेचा. पालेभाजी? "सगळ्यांची जेवणं होऊन उरली तर."

काल काय खाल्लेस, हा प्रश्न याच आजारासाठी मुंबईत सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका बाईने विचारला होता, आणि त्याचे उत्तर आज प्रत्येक गरोदर स्त्रीच्या गोळीत आहे. तिचे नाव लूसी विल्स. मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना हे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही, म्हणून आज थोडे विस्ताराने सांगते.

विल्सबाईंचा जन्म इंग्लंडमध्ये 1888 साली झाला. केंब्रिजला शिक्षण झाले ते वनस्पतिशास्त्राचे आणि भूगर्भशास्त्राचे. डॉक्टर झाल्या त्या पुढे 1920 मध्ये, म्हणजे बत्तिशीला. त्या काळी गरोदरपणात मुंबईतल्या गरीब बायका विलक्षण पांढऱ्या पडत आणि कित्येकजणी दगावत. त्याचा शोध घेण्यासाठी 1928 मध्ये त्या मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. परळ म्हणजे तेव्हा गिरण्यांचा भाग. त्यांच्या रुग्णांत गिरण्यांत राबणाऱ्या बायका पुष्कळ होत्या.

रक्त तपासून त्या थांबल्या नाहीत. या बायका राहतात कशा, शिजवतात काय, खातात काय याची त्यांनी पाहणी केली. ती 1930 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यावर विल्स यांच्या जोडीला तळपदे हे आपल्याकडचे नाव आहे. ज्यांचे खाणे सगळ्यांत निकृष्ट, त्यांच्यात हा आजार अधिक, असे आढळले. मग उंदरांना तसलेच अन्न देऊन प्रयोग केले. येथे एक घोटाळा झाला. उंदरांचे रक्त कमी होण्यामागे त्यांच्या उवांतून पसरणारा एक जंतूही होता, हे ध्यानात आले आणि त्या प्रयोगांवर विसंबता येईना. तेव्हा माकडे घेतली. निकृष्ट आहारावर माकडांनाही तसाच आजार जडला आणि यीस्टचा अर्क दिल्यावर ती सुधारली. हा अर्क म्हणजे इंग्लंडातले 'मार्माइट', पावाला लावून खायचा एक काळा, खारट लगदा. बीअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून तो करतात. रुग्ण बायकांनाही तो लागू पडला आणि 1931 मध्ये विल्सबाईंनी ते जाहीर केले.

यातले खरे मर्म पुढे कळले. अमेरिकेत मायनो आणि मर्फी यांनी 1926 मध्ये दाखवले होते, की मोठ्या पेशींचा एक घातक पांडुरोग रोज भरपूर यकृत खाऊन आटोक्यात येतो. मग त्या यकृताचे शुद्ध केलेले अर्क निघाले. ते त्या रोगाला चालत, पण विल्सबाईंच्या रुग्णांना मात्र चालत नसत. साधा, न गाळलेला अर्क चाले. म्हणजे काचेवर सारख्याच दिसणाऱ्या पेशी, पण उणीव वेगवेगळी! शुद्ध अर्कात होते ते ब-12 जीवनसत्त्व. यीस्टमध्ये होते ते फॉलिक आम्ल. ते पालकाच्या पानांतून 1941 मध्ये वेगळे काढले गेले आणि 1945 मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. तोवर त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत.

आपल्या हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार करतो. पेशी दुभंगायला फॉलिक आम्ल लागते. ते नसले तर पेशी वाढते, पण वेळेवर दुभंगत नाही. पोटात बाळ वाढत असताना ही गरज दुप्पट-तिप्पट मोठी नसली तरी एरवीपेक्षा बरीच वाढते, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडची सून शेवटी जेवते.

आता माझे मत. अशक्त दिसली की टॉनिक लिहून देणे, ही आम्हा डॉक्टरांची आळशी सवय आहे. विचारायला पाच मिनिटे लागतात, लिहायला अर्धे. सगळा दोष आमच्याच पदरात घालू नका, कारण सुई मारली नाही तर पुढच्या दवाखान्यात जाणारे रुग्णही आहेतच. देशात 1970 पासून गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत देण्याचा कार्यक्रम आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक, 52.2 टक्के गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळले. आशाताई गोळ्या घरी आणून देतात, त्या डब्यात राहतात. शौचास काळे होते म्हणून, मळमळते म्हणून, बाळ फार मोठे होईल म्हणून. शौच काळे होणे हा लोहाचा रंग आहे, त्याचे भय नको. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही.

मात्र मोठ्या पेशी दिसल्या म्हणून फॉलिकच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका. दूध, अंडी, मांस यांपैकी फारसे काही न खाणाऱ्यांत ब-12 कमी असू शकते. अशा वेळी नुसत्या फॉलिकने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. पायांना मुंग्या येत असतील तर आधी तपासून घ्या.

आणखी एक. फॉलिक आम्लाने बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष टळतात, हे 1991 मध्ये सिद्ध झाले. परंतु तो कणा गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच जुळतो. दिवस गेल्याचे कळेपर्यंत ही वेळ निघून जाते. म्हणून मूल हवे असे ठरवले की तेव्हापासूनच गोळी सुरू करायला हवी.

त्या मुलीचे ब-12 तपासले, ते ठीक निघाले. फॉलिक आम्ल आणि लोह दोन्ही दिले. मेथी, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे हे काही महाग खाणे नव्हे. फक्त भाजी फार वेळ उकळू नये आणि तिचे पाणी ओतून देऊ नये. सासूबाईंना सांगितले, "मावशी, दोन महिने हिचं ताट तुमच्या ताटाशेजारी मांडा." त्या काही बोलल्या नाहीत. गेल्या सोमवारी दोघी आल्या होत्या. हिमोग्लोबिन 9.6 आहे. अजून पुरेसे नाही, म्हणून बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात नाव घालायला सांगितले आहे. तेथे रक्ताची सोय आहे.