शाई आपली, कुलूप कंपनीचं

सबमिशनची तारीख जवळ आली की लालबाग-परळच्या झेरॉक्सच्या दुकानांत एकच संवाद ऐकू येतो. "काका, कलर किती?" "दहा रुपये पान." "आणि ब्लॅक?" मग खिशातले पैसे मोजून ठरतं, की ग्राफसुद्धा काळाच काढायचा. या रांगेला कंटाळून कुणीतरी घरी हट्ट धरतं, आई-बाबा तीन-चार हजारांचा प्रिंटर आणतात आणि खरा खर्च तिथून सुरू होतो.

प्रिंटरसोबत आलेलं कार्ट्रिज बऱ्याचदा पूर्ण भरलेलं नसतं. ते संपल्यावर काळं आणि रंगीत असं नवं घ्यायला गेलं, की प्रिंटरच्या जवळपास निम्मी किंमत पुन्हा मोजा. आत शाई किती? जेमतेम काही मिलिलिटर. मशीन स्वस्तात विकायचं आणि शाईवर कमवायचं, हा या धंद्याचा जुना हिशेब आहे.

मग आपण लॅमिंग्टन रोड गाठतो. तिथे सिरिंजने शाई भरून मिळते, तीही नव्याच्या तुलनेत फारच स्वस्तात. पण घरी आल्यावर कधी हवा अडकून पानावर पांढऱ्या रेघा उमटतात, तर कधी स्क्रीनवर 'कार्ट्रिज चालणार नाही' असा मेसेज झळकतो. कारण अनेक कार्ट्रिजवर चिप असते. ती बहुतेक वेळा आतली शाई बघत नाही, छपाईचा हिशेब ठेवते. तो हिशेब संपला की काठोकाठ भरलेलं कार्ट्रिजही तिच्या लेखी रिकामंच. त्यात सुट्टीत महिनाभर प्रिंटर बंद राहिला तर शाई सुकते आणि हेड साफ करायला पुन्हा शाईच जाते.

गंमत म्हणजे हे सगळं घडतंय गणपत कृष्णाजींच्या मुंबईत. एकोणिसाव्या शतकात छापखाना काढताना या माणसाने शाई स्वतः बनवण्याचे प्रयोग केले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या 1863 सालच्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये त्यांची गोष्ट वाचायला मिळते. आज आपण विकत आणलेली शाई आपल्याच मशीनमध्ये घालू शकत नाही!

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला. ते भरून पुन्हा विकणाऱ्यावर पेटंटभंगाचा दावा करता येणार नाही. पण कोर्टाने दार उघडलं तरी चिप ते लावून घेऊ शकते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही चार क्षेत्रं आधी निवडली गेली. विद्यार्थ्यांच्या घरातला प्रिंटरही त्या यादीत नावानिशी यायला हवा. आणि एका कार्ट्रिजमध्ये किती पानं निघतात, हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असायला हवं.

पण सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. जे पान प्राध्यापक एकदाच उलटणार आहेत, ते रंगीत आणि एकाच बाजूला छापलेलं कशाला हवं? कॉलेजांनी पाठपोट प्रिंट आणि पीडीएफ स्वीकारली, तर अर्धा खर्च तिथेच वाचेल. हे आपल्या स्टुडंट कौन्सिलने मागायला काय हरकत आहे?

आणि दोस्तांनो, प्रिंटर घेताना किमतीची चिठ्ठी नंतर बघा, आधी शाईचा भाव विचारा. इंक टँकचं मशीन घेताना महाग पडतं, पण त्याच्या एका बाटलीत 65-70 मिलिलिटर शाई येते आणि ती आपल्या हाताने भरता येते. एकट्याला परवडत नसेल तर चाळीतल्या चौघांनी मिळून घ्या. मंडळाची अभ्यासिका असेल तर तिथे ठेवा. रोज वापरात राहिला की शाईही सुकणार नाही.

पुढच्या सबमिशनला अजून वेळ आहे. तेवढ्यात चार जण गाठा.