नवे रोपण की नुसते उच्चाटन?

संपादक महाशय यांस,


स्तनवर्धनानंतर कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीविषयी आपल्या गेल्या अंकात जो लेख आला, त्यात जुने सिलिकोनचे रोपण काढले की नवे बसवावयाचेच, असे गृहीत धरलेले आहे; ते मला मान्य नाही.

रोपणाभोवती शरीर आपणहून एक आवरण विणते, आणि ते आवळत जाऊन स्तन कठीण, वेडावाकडा व दुखरा झाला, म्हणजे आवरण काढून रोपण बदलणे, नवे रोपण स्नायूखाली नेणे, किंवा रोपणास कायमची रजा देऊन सैल त्वचा तेवढी उचलून घेणे, असे एकाहून अधिक मार्ग शल्यविशारदापाशी असतात. परंतु त्याच्या मेजावर हाताळण्यासाठी मांडलेले असतात ते नव्या रोपणांचे लहानमोठे नमुने, आणि रोपणाविना छाती कशी दिसेल याचे छायाचित्र मागितल्याखेरीज बहुधा पुढे येत नाही.

पर्याय कोण ठरवितो, हे फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या प्रकरणात उघड झाले. तिने औद्योगिक दर्जाचे सिलिकोन वापरल्याचे २०१० साली बाहेर आल्यावर, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, खासगी दवाखान्याने हात वर केल्यास, रोपण काढून देण्याची तजवीज केली, नवे बसविण्याची मात्र नाही. शेजारच्या वेल्सने दोहोंचा भार उचलला. वस्तू तीच, व्याधी तीच, पण सरहद्द ओलांडताच निवड बदलत होती. आपल्याकडे तर केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस विमा सहसा लागू होत नाही, तेव्हा हिशेब रुग्णाच्याच पदरी. आणि वर्धनासाठी रोपण घेणाऱ्या सुमारे पाचांतील एका स्त्रीला आठ ते दहा वर्षांत ते काढावे लागते, असे अमेरिकेचे औषध प्रशासनच सांगत असता, तिशीतील स्त्रीने बदललेले रोपण हा खर्चाचा शेवट कसा मानावा?

उलट टोकाचा आग्रहही मला पटत नाही. सारे आवरण एकसंध काढलेच पाहिजे, अशी हाकाटी हल्ली ऐकू येते. खरबरीत रोपणांशी निगडित अशा विरळ कर्करोगात ते अवश्य आहे, पण एरवी बरगड्यांना चिकटलेले आवरण खरवडताना फुप्फुसाच्या पडद्यास इजा होण्याचे भय असते. २०१९ साली काही खरबरीत रोपणे बाजारातून परत घेतली गेली, तेव्हाही लक्षणे नसलेल्या स्त्रियांनी ती काढावीत असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुचविले नव्हते.

माझी मागणी माफक आहे: दुरुस्तीच्या संमतिपत्रात रोपण न बसविण्याचा पर्याय, त्याचा खर्च व छायाचित्रे यांसह, पहिल्याच पानावर नमूद असावा, आणि त्यावर रुग्णाइतकीच शल्यविशारदाचीही सही असावी.

आपली नम्र,
एक वाचक